बथ, सेआ, हिन ते घनमीटर: प्राचीन हिब्रू द्रवमापांचं सिंचनाच्या एककांत रूपांतर

एक बथ म्हणजे किती लिटर? कुठे २२ असं उत्तर मिळतं, कुठे २५, कुठे ३९, तर कुठे ४३. यातला एकही आकडा हवेतून आलेला नाही. प्रत्येकामागे वेगळा पुरावा आणि वेगळा काळ आहे. म्हणून एकच आकडा देऊन मोकळा होणारा तक्ता समोर आला, तर तो बाजूला ठेवलेला बरा. या मापांची आपसांतली गुणोत्तरं पक्की आहेत, लिटर मात्र पक्के नाहीत. सगळी पद्धत त्यावरच उभी आहे: होईल तेवढा हिशेब जुन्याच मापांत करायचा आणि लिटरमध्ये अगदी शेवटी उतरायचं.

बायबल किंवा मिश्ना (ज्यू रब्बींचा जुना नियमसंग्रह) वाचताना शेत, टाकी, पाट असे उल्लेख येतात आणि ते आजच्या घनमीटरमध्ये किंवा पाण्याच्या मिलिमीटर खोलीत बघावेसे वाटतात. हा लेख त्या कामासाठी आहे.

आधी उतरंड

सर्वांत लहान सोयीचं माप लोग. सगळं त्यात मोडायचं.

४ लोग = १ कब
१२ लोग = १ हिन
२४ लोग = १ सेआ (म्हणजे ६ कब)
७२ लोग = १ बथ (६ हिन किंवा ३ सेआ)
७२० लोग = १ कोर (१० बथ)

लोगच्या खाली रेविईत आहे, म्हणजे पाव लोग. धान्यासाठीचा एफा आणि द्रवासाठीचा बथ आकारमानाने सारखेच, आणि दोन्ही होमरचा दहावा भाग, हे यहेज्केल ४५:११ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. त्याच अध्यायातल्या १४ व्या ओवीत होमर आणि कोर एकच ठरतात. त्यामुळे मजकुरात एफा आला तरी गणित बदलत नाही. बथ मुळात तेल आणि द्राक्षारस मोजायचा. पाटाचं पाणी कोणी बथांत मोजत नसे. प्रवाहाचं, म्हणजे सेकंदाला इतकं असं एकक या व्यवस्थेत नाहीच, त्यामुळे क्युसेकशी तुलना करायची तर वेळ आपल्यालाच गृहीत धरावा लागतो.

याच उतरंडीत लांबी आणि आकारमान यांना जोडणारी एक कडी आहे आणि सिंचनाच्या हिशेबात तीच सर्वांत कामाची. शुद्धीस्नानाच्या कुंडात, म्हणजे मिकव्यात, ४० सेआ पाणी लागतं आणि तालमूद, म्हणजे मिश्नेवरचं भाष्य, त्याची जागा १ हात × १ हात × ३ हात अशी देतो. ४० सेआ म्हणजे ९६० लोग. म्हणून:

१ घनहात = ३२० लोग = १३⅓ सेआ

ताळा रेविईतवरून घेता येतो. तालमुदातल्या पेसाहीम या भागात (१०९अ) रेविईत २ × २ × २.७ बोटं, म्हणजे १०.८ घनबोटं, असं दिलं आहे. हात २४ बोटांचा, म्हणून घनहातात १३,८२४ घनबोटं. त्याला १०.८ ने भागलं की १,२८० रेविईत, म्हणजे ३२० लोग. दोन वेगळ्या वाटांनी तेच उत्तर येतं. २४ बोटांचा हात आपल्याकडच्या जुन्या अंगुल-हात मापातही आहे, त्यामुळे हे गणित मराठी वाचकाला परकं वाटू नये.

लिटर कोणते निवडायचे

चार पर्याय आहेत. निवड आपल्या आवडीने होत नाही, मजकुराच्या काळाने होते.

पहिला पुरातत्त्वाचा. 'तेल बेत मिरसिम' आणि 'लाखीश' या प्राचीन यहूदातल्या उत्खननस्थळी 'बथ' अशी अक्षरं असलेले घड्यांचे तुकडे मिळाले. त्यांवरून घड्याचा आकार जुळवून पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ऑलब्राइट यांनी बथ सुमारे २२ लिटरचा धरला. बायबलमधल्या राजांच्या काळातल्या मजकुराला हा आकडा सर्वसाधारणपणे लावतात. पण तुकड्यांवरून काढलेला घडा हा अंदाजच असतो. लाखीशचे राजमुद्रेचे अखंड जुळवलेले घडे सुमारे ४० ते ५० लिटरचे निघाले, आणि तेही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून २२ नंतर दशांश चिन्ह लावून आकडे लिहिण्यात काही अर्थ नाही.

दुसरा रोमन काळाचा. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस एका बथात ७२ झेस्टाय सांगतो. झेस्टेस म्हणजे रोमन सेक्स्टारियस, सुमारे ०.५४ लिटर. बथ ३९ लिटरच्या आसपास येतो. पहिल्या शतकातल्या मजकुराला हा घ्या. ७२ चा आकडा लोगांशी जुळतो म्हणून लोग आणि सेक्स्टारियस कायमच एक होते असं मात्र धरू नका. ती त्या काळातली जुळणी आहे.

तिसरा आणि चौथा हे रब्बींच्या परंपरेतले. रब्बी अव्राहम हायिम नाए यांचं बोट २ सेंटिमीटर, हात ४८ सेंटिमीटर आणि रेविईत ८६.४ मिलिलिटर. हाझोन ईश या नावाने ओळखले जाणारे रब्बी अव्राहम येशाया कारेलित्झ यांचं बोट २.४ सेंटिमीटर, हात ५७.६ सेंटिमीटर आणि रेविईत सुमारे १४९ मिलिलिटर. एवढा फरक का? लोगाचं माप बोटांवरून काढता येतं आणि अंड्यांवरूनही, कारण १ लोग म्हणजे ६ अंडी. १८ व्या शतकात प्रागचे रब्बी येहेझ्केल लांडाऊ यांनी दोन्ही मोजली तर ती जुळेनात. बोटांवरून येणारं माप अंड्यांवरून येणाऱ्या मापाच्या जवळजवळ दुप्पट निघालं. अंडी पूर्वी मोठी होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि मोठ्या मापाची परंपरा तिथून पुढे चालली. मिश्ना-तालमुदातला शेतीचा मजकूर असेल तर या दोघांपैकी एक घ्यायचा, शक्यतो दोन्ही उत्तरं लिहायची.

चारही पर्याय एकत्र, लिटरमध्ये:

| माप | पुरातत्त्व | नाए | रोमन काळ | हाझोन ईश |
|---|---|---|---|---|
| लोग | ०.३१ | ०.३४६ | ०.५४ | ०.५९७ |
| कब | १.२ | १.३८ | २.२ | २.३९ |
| हिन | ३.७ | ४.१५ | ६.५ | ७.१७ |
| सेआ | ७.३ | ८.२९ | १३ | १४.३३ |
| बथ | २२ | २४.९ | ३९ | ४३ |
| कोर | २२० | २४९ | ३९० | ४३० |

नाए आणि हाझोन ईश यांच्या स्तंभांत जास्त अंक दिसतात, कारण ती माणसाने ठरवलेली, व्याख्येने बांधलेली मापं आहेत. इतर दोन स्तंभांत तेवढी अचूकता पुराव्यातच नाही.

लिटरवरून सिंचनाकडे

इथून पुढचं गणित सोपं आहे. हे आकडे हाताशी ठेवा:

१ घनमीटर = १,००० लिटर
१ दुनमवर १ मिलिमीटर पाणी = १ घनमीटर (दुनम म्हणजे १,००० चौरस मीटर)
१ हेक्टरवर १ मिलिमीटर = १० घनमीटर
१ एकर-इंच = १०२.८ घनमीटर
१ एकर-फूट = १,२३३.५ घनमीटर
१ क्युसेक = सेकंदाला २८.३२ लिटर, तासाला सुमारे १०२ घनमीटर
१ टीएमसी (अब्ज घनफूट) = २८.३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर)

इस्राएलमध्ये शेतीचं पाणी घनमीटर आणि दुनम यांत मोजतात, त्यामुळे तिथल्या संदर्भात दुनमवरचा मिलिमीटर हेच सर्वांत स्वच्छ एकक पडतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला क्युसेक आणि एकर-इंच जवळचे. दलघमी आणि टीएमसी इथे आणूच नयेत. १ दलघमी म्हणजे पुरातत्त्वाच्या मापाने सुमारे ४५ लाख कोर होतात, आणि त्या आकड्याने वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही.

क्युसेकचा अंदाज यायला एवढं पुरे: पुरातत्त्वाच्या मापाने १ क्युसेकच्या पाटातून दर सेकंदाला सव्वा बथाहून किंचित जास्त पाणी जातं, म्हणजे कोरभर पाणी जायला आठ सेकंदसुद्धा लागत नाहीत. नाए यांच्या मापाचे ४० सेआ, म्हणजे ३३२ लिटर, भरायला तासाला १५ घनमीटर देणारा पंप ८० सेकंद घेतो. तासाला २ लिटर देणारे १०० ड्रिपर लावले तर तेच पाणी १ तास ४० मिनिटांत संपतं.

क्षेत्र: बेत सेआ

सिंचनात नुसत्या आकारमानाने भागत नाही, ते कोणत्या क्षेत्रावर पडतं तेही लागतं. मिश्नेत शेताचं क्षेत्र बियाण्यावरून सांगतात, जसं कोकणात अमुक मण भाताचं शेत म्हणतात. एक सेआ बी पेरायला लागणारं क्षेत्र म्हणजे बेत सेआ. त्याचं माप ठरलेलं आहे: ५० × ५० हात, म्हणजे २,५०० चौरस हात. ३० बेत सेआ म्हणजे एक बेत कोर.

नाए यांच्या हाताने बेत सेआ ५७६ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम पावणेसहा गुंठे. बेत कोर १७.२८ दुनम, साधारण सव्वाचार एकर. हाझोन ईश यांच्या हाताने बेत सेआ ८२९ चौरस मीटर, सुमारे ८.२ गुंठे.

आता खोली घाला. बेत सेआवर एक बोट पाणी उभं करायचं आहे असं समजा. बोट म्हणजे हाताचा २४ वा भाग. २,५०० ÷ २४ = १०४.१७ घनहात. त्याला १३⅓ ने गुणलं की सुमारे १,३८९ सेआ. चार बोटांची मूठभर खोली हवी असेल तर ५,५५६ सेआ.

या हिशेबात लिटरचा प्रश्नच आला नाही. हात ४८ सेंटिमीटरचा असो वा ५७.६ चा, उत्तर १,३८९ सेआच. आता शेवटची पायरी: नाए यांच्या मापाने १,३८९ × ८.२९४ = ११,५२० लिटर, म्हणजे ११.५ घनमीटर. उलटा ताळा: ५७६ चौरस मीटरवर २० मिलिमीटर = ११.५२ घनमीटर. जुळलं. हाझोन ईश यांच्या मापाने १९.९ घनमीटर, आणि ८२९.४ चौरस मीटरवर २४ मिलिमीटर केलं तरी तेच.

खोली आजच्या मिलिमीटरमध्ये दिली असेल, तर मात्र आधी ती त्याच माणसाच्या बोटांत बदला. ३० मिलिमीटरची पाळी नाए यांच्या बोटाने दीड बोट, म्हणून बेत सेआला २,०८३ सेआ. हाझोन ईश यांच्या बोटाने तेच ३० मिलिमीटर सव्वा बोट, म्हणून १,७३६ सेआ.

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. लांबी एका पर्यायातून आणि आकारमान दुसऱ्यातून घेतलं की उत्तर सरळ निम्म्यावरही येऊ शकतं. उदाहरण घ्या. यरुशलेममधल्या हिज्कीया राजाच्या पाण्याच्या बोगद्याची लांबी ५३३ मीटर, आणि त्यातल्या शिलालेखात १,२०० हात असं कोरलं आहे. त्यावरून हात साडेचव्वेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास निघतो. राजांच्या काळासाठी हा पुरावा उत्तम. पण हा हात घेऊन बेत सेआवर एक बोट पाणी काढलं, तर ९.२ घनमीटर होतात, आणि ते हाझोन ईश यांच्या १४.३३ लिटरच्या सेआने भागले तर ६४० सेआ. खरं उत्तर १,३८९. गुणाकारात काहीच चूक नाही, पण दोन पर्याय एकमेकांत मिसळले गेले.

४४.५ सेंटिमीटरच्या हातावर ३२० लोगांचं गुणोत्तर लावलं तर बथ १९.८ लिटरचा येतो, २२ चा नाही. फरक दहा टक्क्यांचा. दोन स्वतंत्र पुरावे एवढ्या जवळ येतात हे पुष्कळ झालं. ते बळेच एकाच आकड्यावर आणण्याचा खटाटोप करू नये.

कसोटीचं उदाहरण: शलमोनाचा ओतीव समुद्र

१ राजे ७ मध्ये काठापासून काठापर्यंत १० हात, उंची ५ हात आणि आत २,००० बथ पाणी असं पितळी कुंड आहे. २ इतिहास ४:५ मध्ये तेच ३,००० बथ होतं.

२२ लिटरने २,००० बथ म्हणजे ४४ घनमीटर. एक क्युसेकचा पाट हे २६ मिनिटांत भरेल. एका दुनमवर ४४ मिलिमीटर पाणी, एका एकरावर ११ मिलिमीटरच्या जवळपास. ओल द्यायची एक साधारण पाळी, तीसुद्धा एकाच दुनमची. मंदिरातलं एवढं भव्य कुंड शेतावर नेलं की इतकंच उरतं!

आता आकृतीवरून ताळा. ४४.५ सेंटिमीटरचा हात धरला तर सरळ भिंतींच्या गोल कुंडात जास्तीत जास्त ३४.६ घनमीटर मावतं, अर्धगोलात तर २३ च. भिंतीची जाडी वजा केली की आणखी कमी. म्हणजे ४४ घनमीटर मावतच नाही. तालमुदाने (एरुवीन १४ब) हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला आहे: खालचे ३ हात चौकोनी, वरचे २ हात गोल. खाली १० × १० × ३ = ३०० घनहात. वर, परीघ व्यासाच्या तिप्पट धरून, ७५ × २ = १५०. एकूण ४५० घनहात, म्हणजे १५० मिकवे, म्हणजे ६,००० सेआ, म्हणजे बरोबर २,००० बथ. नाए यांच्या मापाने ४९.८ घनमीटर, हाझोन ईश यांच्या मापाने ८६. ३,००० चा आकडा कोरड्या, शिगोशिग मापाचा, असं तिथलं उत्तर आहे. शिगेचा भाग एकूण मापाच्या एक तृतीयांश. पाण्याला शीग लागत नाही, म्हणून सिंचनाच्या हिशेबात २,००० च घ्यायचे.

जे रूपांतरित होत नाही

एलीयाच्या वेदीभोवतीचा चर (१ राजे १८:३२) 'दोन सेआ बी' मावेल एवढा होता. हे आकारमान धरलं तर सुमारे १५ लिटर. बेत सेआचा अर्थ धरला तर ५,००० चौरस हात, म्हणजे ९९० चौरस मीटर, पावणेदहा गुंठ्यांच्या वर. पुढे चार घागरी तीनदा, म्हणजे १२ घागरी पाणी ओततात. १५ लिटर भागिले १२ म्हणजे घागरीला सव्वा लिटर, ती घागर कसली! उलट ९९० चौरस मीटरच्या चौकोनाभोवती चर काढला तर लांबी १२६ मीटर होते. तो १० सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल धरला तरी १.२६ घनमीटर पाणी लागतं, म्हणजे घागरीला १०५ लिटर, आणि ती एका माणसाला उचलायची नाही. चर भरल्याचा उल्लेख ओवीत वेगळा येतो, म्हणून बारा घागरींचाच हिशेब त्याला लावायला हवा असंही नाही. 'घागर' हे ठरलेलं माप नाही. अशा ठिकाणी शक्यता मांडायच्या आणि थांबायचं.

यशया ५:१० मधल्या 'दहा जोतांच्या मळ्याला एक बथ' या वाक्याचंही तसंच. बथ २२ लिटरचा ठीक, पण जोत म्हणजे बैलजोडी एका दिवसात नांगरेल तेवढी जमीन. ती जमिनीच्या पोताप्रमाणे बदलते. दर हेक्टरी उत्पन्न त्यावरून काढू नये. आणि तो आकडा द्राक्षारसाचा आहे, पाण्याचा नाही.

फसवणाऱ्या जागा

होमर आणि ओमर. मराठीत लिहिताना एका अक्षराचा फरक, मापात शंभरपट. होमर म्हणजे १० एफा, ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग (निर्गम १६:३६). २२० लिटर की २.२ लिटर, हे आधी नक्की करा.

हिन. इजिप्तचाही हिन आहे, आणि तो अर्ध्या लिटरच्या आत. हिब्रू हिन त्याच्या सातपटीहून मोठा.

तीन प्रदेशांची मापं. मिश्ना-तालमुदात रानातला सेआ, यरुशलेमचा सेआ आणि सेफोरिस या गालीलमधल्या शहराचा सेआ असे भेद आहेत. रानातले ६ म्हणजे यरुशलेमचे ५. सेफोरिसचा आणखी तेवढ्याच पटीने मोठा. अंड्यांत १४४, १७३ आणि २०७. वरचा तक्ता आणि बेत सेआचा हिशेब १४४ अंड्यांच्या, म्हणजे रानातल्या सेआवर आहे. मजकुरात यरुशलेमचं माप असेल तर १.२ ने गुणा, सेफोरिसचं असेल तर १.४४ ने.

गॅलन. जुन्या इंग्रजी तक्त्यांत बथ गॅलनमध्ये असतो आणि कोणता गॅलन ते लिहिलेलं नसतं. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटर, अमेरिकी ३.७८५. २२ लिटरचा बथ पहिल्यात ४.८ आणि दुसऱ्यात ५.८ गॅलन भरतो.

दुनम. उस्मानी काळातला दुनम सुमारे ९१९ चौरस मीटर होता. त्या काळच्या जमिनीच्या नोंदी वापरताना एका दुनमवर १ मिलिमीटर म्हणजे १ घनमीटर हा सोपा नियम आठ टक्क्यांनी चुकतो.

उत्तर लिहिताना चार गोष्टी एकाच ओळीत ठेवा: मूळ माप, निवडलेला लोग, घनमीटर आणि पर्यायांमुळे पडणारा पल्ला. उदाहरणार्थ: '२,००० बथ, लोग ०.३१ लिटर, सुमारे ४४ घनमीटर, इतर मापांनी ५० ते ८६.'